किनाऱ्यावरच्या माश्या आणि त्यांची कुळे

उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवर, नॉर्वेपासून आयर्लंडपर्यंत आणि पलीकडे कॅनडा-अमेरिकेच्या पूर्व काठावर, उधाणाच्या भरतीनंतर समुद्रशैवालांचा जाड थर वाळूवर पडून राहतो. त्यात मोठ्या तपकिरी शैवालांचा, म्हणजे केल्पचा, भरणा असतो. पुढचे उधाण येईपर्यंत भरतीचे पाणी तिथवर पोचत नाही. मधल्या दिवसांत ढीग कुजतो आणि कुजताना आतून तापतो. बाहेर हिवाळा असला तरी आत अळ्यांना पुरेल एवढी ऊब असते. असा ढीग उकरला की काळपट, चपट्या, केसाळ माश्या बाहेर पडतात. त्या फार लांब उडत नाहीत, पुन्हा ढिगातच शिरतात. त्यांनाच सर्वसाधारणपणे केल्पमाश्या म्हणतात.

या माश्यांना एका नावाने हाक मारणे सोपे आहे. त्यांचे वर्गीकरण मात्र दोनशे वर्षे वादाचे राहिले आहे. ढिगातल्या माश्या एकाच कुलाच्या नाहीत, हे त्याचे कारण. द्विपंखी गणाच्या अगदी वेगवेगळ्या शाखांमधून निघालेल्या जाती तिथे एकत्र नांदतात, आणि किनाऱ्यावरच्या जगण्याने त्यांतल्या अनेकांना एकसारखे रूप दिले आहे. एकाच चाळीत राहणाऱ्या बिऱ्हाडांचे आडनाव एकच असेल असे आपण धरून चालत नाही. किनाऱ्यावरच्या माश्यांबाबत मात्र नेमके तेच बराच काळ धरले गेले. या माश्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास म्हणजे राहण्याची जागा आणि वंश यांची फारकत करण्याचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

नेहमीचा मुद्दा आधी सांगतो. घरमाशी, फळमाशी, केल्पमाशी या सगळ्या ज्या मोठ्या गटात येतात त्याला स्किझोफोरा म्हणतात. कोशातून बाहेर येताना या माश्या कपाळातून एक मऊ फुगा बाहेर काढतात आणि त्याच्या दाबाने कोशाचे टोक फोडतात. पुढे फुगा आत जातो आणि शृंगिकांच्या वर त्याची कमानदार खूण उरते. या गटाच्या सुमारे ५०,००० जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या काहींच्या पंखाच्या बुडाशी पाकळीसारखा मोठा पडदा असतो. त्या कॅलिप्ट्रेट माश्या. घरमाशी आणि निळी-हिरवी मांसमाशी यांतल्याच. ज्यांचा हा पडदा लहान राहिला त्या अकॅलिप्ट्रेट. कॅलिप्ट्रेट हा एका पूर्वजापासून आलेला खरा गट आहे. अकॅलिप्ट्रेट ही सोयीची टोपली आहे, उरलेल्यांना ठेवण्यासाठी केलेली. केल्पमाश्या या टोपलीत आहेत, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

फाब्रिसिउसने १८०५ मध्ये द्विपंखी कीटकांवरच्या आपल्या ग्रंथात ज्या जातीला फ्रिजिडा हे नाव दिले, ती आज सीलोपा फ्रिजिडा म्हणून ओळखली जाते. सीलोपा ही प्रजाती मायगेनने १८३० मध्ये स्थापन केली. आयरिश कीटकशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी १८३८ मध्ये सीलोपा पिलिपेस ही जवळची जाती वर्णन केली. तिच्या नराच्या पायांवर लांब, मऊ केसांचे दाट आवरण असते. फ्रिजिडाच्या पायांवर राठ काट्यांसारखे केस असतात. पुढे या प्रजातीवरून सीलोपिडी हे कुल तयार झाले. आज त्यात जगभरच्या तीसेक जाती धरल्या जातात. म्हणजे कुल लहान आहे. तरीही गेल्या शतकात त्यात कितीतरी परक्या माश्या येऊन राहिल्या आणि मग बाहेर काढाव्या लागल्या.

त्या आत आल्या कशा, हे समजण्यासाठी शरीर पाहावे लागते. सीलोपाची पाठ चपटी असते. डोके, वक्ष, उदर सगळेच वरून दाबल्यासारखे दिसते. पाय जाड आणि केसाळ. कुजणाऱ्या शैवालाच्या दोन थरांमधून सरकण्यासाठी असे शरीर सोयीचे आहे, आणि ओल्या, चिकट जागेत वावरताना राठ केसही उपयोगी पडत असणार. पण शैवालात शिरणाऱ्या कुठल्याही माशीला हे गुण तितकेच उपयोगी आहेत. दोन वेगळ्या वंशांतल्या माश्या एकाच जागी लाखो वर्षे राहिल्या, तर त्या दोघीही चपट्या आणि केसाळ होऊ शकतात. जीवशास्त्रात याला अभिसारी क्रमविकास म्हणतात. मग नाते ठरवताना चपटेपणाचे वजन किती धरायचे?

याचे शिस्तबद्ध उत्तर विली हेनिग यांनी दिले. ते जर्मन कीटकशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा खरा अभ्यासविषय द्विपंखी कीटकच होता, हा योगायोग नव्हे. १९५० च्या त्यांच्या ग्रंथातून आणि १९६६ मध्ये इंग्रजीत आलेल्या त्याच्या सुधारित रूपातून जी विचारपद्धती पुढे आली, तिने सगळ्या सजीवांचे वर्गीकरण बदलले. केवळ साम्य पुरेसे नाही, हे तिचे सूत्र. एखाद्या पूर्वजात नव्याने निर्माण झालेला आणि त्याच्या वंशजांत टिकलेला गुणच नात्याचा पुरावा ठरतो. जुन्या पूर्वजाकडून सगळ्यांना मिळालेला गुण, किंवा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उद्भवलेला गुण, नाते सिद्ध करत नाही. स्किझोफोरामधल्या कुलांचा आढावा हेनिगनी १९५८ मध्ये घेतला. त्याआधी माश्यांच्या अळ्यांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. प्रौढ माशीवरून काढलेला निष्कर्ष अळीशीही जुळला पाहिजे, ही त्यांची मागणी मला आजही सर्वांत मोलाची वाटते.

या कसोटीवर पाहण्याजोगे उदाहरण म्हणजे ओरिग्मा लुक्टुओसम. ही जाती मायगेननेच १८३० मध्ये वर्णन केली. काळी, चपटी, केसाळ. राहते शैवालाच्या ढिगात, सीलोपाच्या शेजारी. शेजार आणि रूप दोन्ही पाहून तिला दीर्घकाळ केल्पमाश्यांत गणले गेले. आज ती सेप्सिडी कुलात आहे. सेप्सिडीची ओळख अगदी वेगळी: शेणावर फिरणाऱ्या, मुंगीसारख्या बारीक कंबरेच्या चकचकीत माश्या. त्यांतल्या अनेकींच्या पंखाच्या टोकावर काळा टिपका असतो आणि चालताना त्या पंख हलवत राहतात. ओरिग्माला बारीक कंबर नाही आणि पंखावर टिपका नाही. शेणावरच्या सेप्सिडी माशीशेजारी ती ठेवली तर कोणीही त्यांना नातलग म्हणणार नाही.

नाते दाखवणारी खूण फार लहान आहे. वक्षाच्या बाजूला मागच्या अंगाला जे श्वासरंध्र असते, त्याच्या खालच्या-मागच्या काठावर सेप्सिडीत एक किंवा अधिक राठ केस उगवलेले असतात. ही खूण सेप्सिडीची खास आहे, आणि ती ओरिग्मात आहे. शैवालात सरकण्याशी त्या केसाचा काही संबंध दिसत नाही, म्हणून त्याचे वजन मोठे. शरीर चपटे करणाऱ्या दबावाने तो केस आणला असे म्हणता येत नाही. तो वारशाने आला असे मानणेच सयुक्तिक. रुडोल्फ मायर यांनी १९९६ मध्ये सेप्सिडींच्या अळ्यांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला आणि अळी व प्रौढ या दोन्हींचे गुण एकत्र मांडून नाती तपासली. त्यातही ओरिग्मा सेप्सिडींच्या वंशातच येते, पण त्या वंशाच्या बुंध्याजवळून निघालेल्या फांदीवर. हे पटण्याजोगे आहे. बारीक कंबर आणि टिपक्याचा पंख ही सेप्सिडींची पुढची मिळकत असावी, आणि ओरिग्माचा वंश त्याआधीच वेगळा झाला असावा.

ओरिग्मा निघाली, तरी बाकीच्यांची व्यवस्था लागायची होती. सीलोपिडी ज्या अधिकुलात येते ते सायोमायझॉइडिया. त्याच्या साधारण खुणा अशा: पंखाच्या पुढच्या काठाची शीर कुठेही तुटलेली नसते, आणि नडग्यांच्या टोकाअलीकडे वरच्या बाजूला एक ठळक राठ केस असतो. या अधिकुलातून किनाऱ्यावर आलेले आणखी काही गट आहेत. हेल्कोमायझा ही मोठी, राखाडी माशी. तिच्या अळ्या वाळूत गाडल्या गेलेल्या शैवालात वाढतात. युरोपात एक जाती, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुसरी, आणि तिचे आप्त न्यूझीलंड व दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे. हेटेरोकायला या प्रजातीच्या जाती दोनच: हेटेरोकायला बुकाटा युरोपच्या किनाऱ्यावर, हेटेरोकायला हानाय पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावर. या माश्या कधी सीलोपिडीत, कधी ड्रायोमायझिडीत, अशा फिरत राहिल्या.

डेव्हिड मॅकअल्पाइन यांनी १९९१ मध्ये हेटेरोकायलासाठी हेटेरोकायलिडी हे स्वतंत्र कुल स्थापन केले. ते सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममधले. उत्तर अमेरिकी माश्यांच्या प्रसिद्ध मार्गदर्शक ग्रंथाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते कॅनडाचे जेम्स मॅकअल्पाइन वेगळे. दोघेही याच माश्यांवर लिहीत असल्याने वाचकाची गफलत सहज होते. दोन जातींसाठी एक अख्खे कुल, हे पाहून अनेकांना नवल वाटते. मला यात काही गैर दिसत नाही. कुल, उपकुल, अधिकुल या पायऱ्या माणसाने ठरवलेल्या आहेत. कोणती फांदी कुठून निघाली, हे निसर्गाने ठरवले आहे. फांदी खरोखर वेगळी असेल तर तिच्यावर पाने दोन आहेत की दोनशे, याला महत्त्व नाही. उलट, दोन जातींना जबरदस्तीने शेजारच्या कुलात कोंबले की त्या कुलाची व्याख्याच ढिली होते, आणि ढिल्या व्याख्येत पुढची प्रत्येक शंकास्पद माशी आपोआप शिरते. विसाव्या शतकात सीलोपिडीचे नेमके हेच झाले होते.

त्याच वर्षी मॅकअल्पाइन यांनी ऑस्ट्रेलियातील केल्पमाश्यांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. युरोपात बसून पाहिले तर केल्पमाशी म्हणजे सीलोपा आणि तिचे एक-दोन सोबती, एवढेच दिसते. दक्षिण गोलार्धात चित्र वेगळे आहे. सीलोपिडीतील प्रजातींची खरी विविधता ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर आहे. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या वादळी बेटांवर तर पंख आखूड झालेल्या केल्पमाश्याही आहेत. लोपा या प्रजातीसाठी मॅकअल्पाइन यांनी वेगळे उपकुल केले आणि बाकी सगळ्या दुसऱ्या उपकुलात ठेवल्या. मायर आणि ब्रायन विगमन यांनी २००२ मध्ये शरीररचना आणि डीएनए हे दोन्ही पुरावे एकत्र करून हे कुल पुन्हा तपासले. कुलाचा इतिहास समजायचा तर अटलांटिकवरून नव्हे, दक्षिणेकडून वाचायला सुरुवात करावी लागते. ज्या माशीवरून कुलाला नाव मिळाले ती त्या कुलाची सर्वांत बोलकी प्रतिनिधी असेलच असे नाही.

जातीच्या पातळीवर आकाराने होणारी फसवणूकही ध्यानात घ्यावी लागते. सीलोपा फ्रिजिडाचे नर एकाच ढिगात इतक्या वेगवेगळ्या आकारांचे सापडतात की अनोळखी माणूस त्यांच्या दोन जाती करील. लहान नर तीनेक मिलिमीटरचा, मोठा त्याच्या तिप्पट लांबीचा. यामागे तिच्या पहिल्या गुणसूत्रावरची मोठी उलटापालट आहे. गुणसूत्राचा एक लांब तुकडा काही माश्यांत सुलट, काहींत उलट असतो. दोन मांडण्यांना अल्फा आणि बीटा म्हणतात. आई-बाप दोघांकडून अल्फा मिळालेले नर मोठे होतात, पण वाढायला जास्त दिवस घेतात; दोन्ही बीटा असलेले लहान राहतात आणि लवकर तयार होतात. माद्यांची पसंती मोठ्या नरांकडे झुकते. पण ढीग पुढच्या उधाणात वाहून गेला तर उशिरा वाढणाऱ्याचा डाव बुडतो. मिश्र मांडणीची पिल्ले जास्त तग धरतात, म्हणून दोन्ही मांडण्या टिकून राहतात. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर ही स्थिती आढळते. वर्गीकरणासाठी यातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे: या माश्यांत आकार हा जात ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, आणि दोन-चार नमुन्यांवरून केलेले वर्णन संशयानेच वाचले पाहिजे.

आता ढिगातल्या दूरच्या रहिवाशांकडे वळू. फ्युसेलिया ही राखाडी, चपळ माशी शैवालावर हमखास दिसते. ती कॅलिप्ट्रेट आहे, अँथोमायिडी कुलातली, म्हणजे घरमाशीच्या बाजूची. स्कॅथोफेगाच्या काही जातीही किनाऱ्यावरच वाढतात, आणि त्याही कॅलिप्ट्रेटच. खडकांवर भरतीच्या पट्ट्यात शैवाल खरवडून खाणाऱ्या अळ्यांचे कॅनासिडी कुल तिसऱ्याच शाखेवरचे आहे. पूर्वी वेगळे मानलेले टेथिनिडी आता बहुतेक अभ्यासक त्यात उपकुल म्हणून धरतात. आणि जगभर मिठागरांच्या, खाऱ्या तळ्यांच्या काठांवर थव्याने दिसणाऱ्या माश्या इफिड्रिडी कुलातल्या. या कुलाच्या सुमारे दोन हजार जाती ज्ञात आहेत.

इफिड्रिडी अकॅलिप्ट्रेट टोपलीत आहे, सीलोपाही आहे. मग त्या दोघी एकमेकींच्या जवळच्या, आणि घरमाशी दोघींपासून दूरची, असे वाटणे साहजिक आहे. पण गेल्या दीड दशकातले रेणवीय अभ्यास, त्यांत २०११ चा विगमन आणि सहकाऱ्यांचा द्विपंखी गणाचा मोठा वंशवृक्षही आला, वेगळी दिशा दाखवतात. इफिड्रिडी आणि फळमाशीचे कुल ज्या अधिकुलात येतात, त्याचे सर्वांत जवळचे नातलग कॅलिप्ट्रेट आहेत. म्हणजे मिठागरावरची ती इवलीशी माशी घरमाशीला जेवढी जवळ आहे, तेवढी केल्पमाशीला नाही. पंखाच्या बुडाचा पडदा लहान राहणे हा जुना वारसा होता. त्यावरून जमवलेला गट टिकणार नव्हता.

डास-चिलटांच्या बाजूचेही काही समुद्रात उतरले. क्लुनियो मारिनस हे चिलट चंद्राच्या कला आणि ओहोटी यांच्याशी आपले प्रौढ आयुष्य जुळवून घेते. त्याची मादी पंखहीन असते. केल्पमाश्यांशी त्याचे नाते द्विपंखी असण्यापलीकडे जवळजवळ काहीच नाही, म्हणून इथे एवढा उल्लेख पुरे.

सवयीवरूनही नाते ठरत नाही, याला उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एडोपारीना ग्लाउका साक्ष आहे. ती ड्रायोमायझिडीतली. तिच्या अळ्या कुजके शैवाल खात नाहीत. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकावरच्या जिवंत बार्नॅकलच्या कवचात शिरून त्या आतला प्राणी खातात, आणि एक संपला की दुसऱ्याकडे जातात. त्याच कुलातल्या इतर माश्या ओल्या रानात कुजणाऱ्या पदार्थांवर राहतात. कुल एक, पण राहणी परस्परांहून पूर्ण भिन्न.

राहणीवर फार विसंबल्याने पुरातत्त्वज्ञही कोड्यात पडले होते. थोराकोकीटा झोस्टेरी ही स्फेरोसेरिडी कुलातली छोटी माशी आज किनाऱ्यावरच्या शैवालाशी पक्की जोडलेली आहे. इंग्लंडमध्ये समुद्रापासून दूरच्या मध्ययुगीन वस्त्यांच्या शौचकूपांत तिचे कोश मोठ्या संख्येने सापडू लागले. तेव्हा एक शक्यता अशी मांडली गेली की लोक शैवाल आत आणत असावेत आणि माशी त्यासोबत आली असावी. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोशांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले गेले. समुद्री शैवालावर वाढलेल्या शरीरात कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण ओळखू येण्याजोगे वेगळे असते. या कोशांत ते नव्हते. माशी शौचकूपातच वाढली होती. तिला हवी होती ती ओली, कुजणारी आणि बहुधा खारट जागा. समुद्र ही त्यातली एक. आजच्या पत्त्यावरून तिला समुद्राची म्हटले गेले, कारण दुसरा पत्ता माणसाने बुजवून टाकला होता.

आपल्या किनाऱ्याचा संबंध इथे मर्यादित, पण खरा आहे. केल्पला थंड पाणी लागते. कोकणच्या उष्ण समुद्रात ते वाढत नाही. मालवण, रत्नागिरीच्या खडकांवर सारगॅसम, उल्वा, पडायना ही शैवाले असतात, पण त्यांचे अटलांटिकसारखे कंबरभर ढीग साचत नाहीत. सीलोपिडीचा मुख्य पसारा समशीतोष्ण आणि थंड किनाऱ्यांवरच आहे. त्यामुळे कोकणच्या वाळूवर दिसणाऱ्या माशीला केल्पमाशी म्हणणे बहुतेक वेळा चूक ठरेल. मासळी सुकवायच्या वाळवणावर घोंघावणाऱ्या क्रायसोमाया या तर सरळ कॅलिप्ट्रेट मांसमाश्या.

शिवाय आपल्याकडे या अभ्यासाला पायाच अपुरा मिळाला. ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेवरच्या प्रसिद्ध ग्रंथमालेत ब्रुनेट्टी यांचे द्विपंखी कीटकांवरचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ मध्ये आले. पुढे १९३३-३४ मध्ये डासांवरचे आणि १९४० मध्ये मांसमाश्यांवरचा खंड आला. किनाऱ्यावरची अकॅलिप्ट्रेट कुले त्या मालेत आलीच नाहीत. पौर्वात्य प्रदेशातील द्विपंखींची नामसूची १९७३ ते १९७७ मध्ये तीन खंडांत निघाली, पण नामसूची म्हणजे ओळखपत्रांची यादी. माशी हातात धरून ती ओळखायला वर्णने आणि किल्ल्या लागतात. रोग पसरवणाऱ्या आणि पिके खाणाऱ्या माश्यांकडे आधी लक्ष जाणे समजण्याजोगे आहे. तरी सातशेहून अधिक किलोमीटरचा किनारा असलेल्या महाराष्ट्राच्या विद्यापीठांत या विषयाला जागा मिळावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत.

काम करणाऱ्याने मात्र सुरुवात ढिगावरून न करता माशीवरून करावी. आधी पंखाच्या बुडाचा पडदा पाहावा, मग पुढच्या काठाची शीर अखंड आहे की तुटलेली. नंतर नडगीचा राठ केस आणि वक्षाच्या मागच्या श्वासरंध्राचा काठ तपासावा. नमुना टाचणीवर वाळवला की मऊ पाठ आक्रसते आणि चपटेपणाचा भास आणखी वाढतो, म्हणून काही नमुने अल्कोहोलमध्ये ठेवावेत. एकाच जागेवरून लहान-मोठे सगळे नर घ्यावेत. आणि शक्य तिथे अळ्या त्याच शैवालावर वाढवून त्यांतून निघणारी प्रौढ माशी कोशाच्या रिकाम्या कवचासह, एकाच चिठ्ठीखाली जपून ठेवावी.